पाटा, फाळका आणि हेडलाइट
(ट्रकच्या सुट्या भागांतून फर्निचर घडवण्याविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना)

आपल्याकडे ट्रक कारखान्यातून पुरा होऊन बाहेर पडत नसे. कित्येक दशकं कंपनी विकायची ती चासी, तिच्यावर बसवलेलं इंजिन आणि समोरचा काउल. ड्रायव्हर उघड्यावर स्टूल ठेवून, डोक्याला फडकं गुंडाळून ती चासी शेकडो किलोमीटर चालवत न्यायचा आणि हायवेलगतच्या एखाद्या बॉडी बिल्डरच्या शेडमध्ये उभी करायचा. तिथे सुतार केबिनची लाकडी चौकट उभी करत, लोहार आणि वेल्डर हौद्याचे अँगल जोडत, फळ्या ठोकत, मागचा फाळका बिजागऱ्यांवर चढवत. शेवटी पेंटर येई. ड्रायव्हरच्या पाठीमागे क्लीनरला आडवं होण्यापुरती फळी, टपाखाली देवाची चौकट, भांडीकुंडी ठेवायला कप्पा, सीटखाली हत्यारांची पेटी. ट्रकमध्ये फर्निचर पहिल्या दिवसापासून होतं आणि ते सुताराच्याच हातचं होतं.

पुस्तकाकडे वळण्याआधी हे लक्षात ठेवावं, कारण ट्रकच्या भागांतून टेबल, बाक, कपाट, दिवे घडवणं ही परदेशातून आलेली हौस आहे असा सर्रास समज आहे. त्या हौसेचा इतिहास पुढे येईलच. पण गेल्या पिढीत ज्यांनी ट्रक बांधले त्याच जातीच्या हातांकडे निवृत्त ट्रक परत येतो, तेव्हा ते काम उसनं राहत नाही. वेल्डर तोच, ग्राइंडर तोच, फक्त वस्तू आता घरात राहणार आहे.

पुस्तकाने डोळ्यांसमोर ठेवलेली जागा कळंब आहे. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, निर्मळ आणि राजोडीच्या शेजारी, सुरूच्या झाडांमागे पसरलेला हा किनारा. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी गर्दी, त्यांच्यासाठी उभी राहिलेली रिसॉर्टं, जुन्या वाड्या, ओटे असलेली घरं. पूर्वेला रेल्वे ओलांडून गेलं की मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो आणि सातिवली, वालीव, चिंचोटी या भागातले औद्योगिक गाळे, गॅरेजं, वजनकाटे, ट्रक टर्मिनलसारखे भरलेले रस्ते. एकाच वसई तालुक्यात एका टोकाला उघड्यावर ठेवायच्या दणकट फर्निचरची गरज आहे आणि दुसऱ्या टोकाला लोखंड कापणारे, वाकवणारे, रंगवणारे हात आहेत. मधे आहे समुद्राची खारी हवा, आणि ती या धंद्यातली सगळ्यात कडक परीक्षक आहे. कळंबला टिकणारी वस्तू पुण्या-नाशकात सहज टिकते. उलट खात्री देता येत नाही.

या मातीत धातूच्या दुसऱ्या जन्माचं एक जुनं आणि फार सुंदर उदाहरण आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. इथल्या चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला अशा घंटा आजही पाहायला मिळतात. तांबं-कथलाचा भाव तेव्हाही चांगलाच होता. घंटा वितळवून तोफा ओतणं हा त्या काळचा रिवाजच होता. या घंटा मात्र वितळल्या नाहीत. त्यांचा धर्म बदलला, गाव बदललं, पण काम तेच राहिलं. पुस्तकातला मुख्य विचार इथेच सापडतो: निवृत्त वस्तूला नवं घर द्यावं, पण ती ज्यासाठी घडली ते काम शक्यतो तिच्याकडून काढून घेऊ नये.

महाराष्ट्रातल्या खेड्यांनी हे तत्त्व कुणी न सांगता पाळलं. ट्रकचा कमानपाटा थकला की त्याची पट्टी लोहाराच्या भट्टीत जाते आणि कोयता, विळा, कुऱ्हाड होऊन बाहेर येते. ऊसतोड कामगाराला विचारलं तर तो पाट्याच्या कोयत्याचं नाव आदराने घेतो, कारण ते स्प्रिंगचं पोलाद असतं, धार धरतं आणि तुटत नाही. साखरपट्ट्यातली टायरची बैलगाडी जुन्या ॲक्सलवर आणि हबवर चालते. लाकडी चाकाच्या गाडीपेक्षा ती कितीतरी जास्त ऊस ओढते. टायरच्या चपला, विहिरीवर पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या कमरेला ट्यूब, वसईच्या किनाऱ्यावर अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत जेटीला आणि होड्यांच्या कडेला धक्का झेलण्यासाठी बांधलेले टायर. यातल्या प्रत्येक ठिकाणी भागाचा मूळ गुण कामी आला आहे. टायर धक्काच झेलतोय, ॲक्सल वजनच वाहतोय.

युरोपातल्या डिझायनरांनी हाच धडा वेगळ्या वाटेने गिरवला. १९४२ साली पिकासोने सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. ते शिल्प होतं, त्यावर कुणी बसणार नव्हतं. बसायची वस्तू आली ती १९५७ मध्ये. मिलानच्या अकीले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांनी ट्रॅक्टरची पत्र्याची सीट एका वाकवलेल्या पोलादी पट्टीवर बसवली, खाली लाकडी आडवा दांडा दिला आणि ‘मेझाद्रो’ हे स्टूल तयार झालं. बाजारात त्याचं उत्पादन सुरू व्हायला १९७१ उजाडलं. ट्रॅक्टरच्या सीटला खाली स्प्रिंगसारखी लवणारी पट्टी असतेच, शेतातले हिसके ती खाते. कास्तिल्योनींनी तीच रचना घरात आणली.

त्यांचाच १९६२ चा ‘तोयो’ दिवा तर या पुस्तकाच्या वाचकाने नीट अभ्यासावा असा आहे. वर मोटारीचा हेडलाइट, छताकडे तोंड करून. तो पेलायला धातूची एक बारीक दांडी. तारेला वाट दाखवायला मासेमारीच्या गळाच्या काठीवरच्या कड्या. आणि तळाशी ट्रान्सफॉर्मर, उघडा, न झाकलेला. मोटारीचा दिवा कमी व्होल्टचा, तेव्हा ट्रान्सफॉर्मर लागणारच होता. तो जड असतो, म्हणून त्यालाच बैठक केलं. दिवा कलंडू नये यासाठी वेगळं वजन घालावं लागलं नाही. जे लागणारच आहे त्याच्याकडून दोन कामं करून घ्यायची, हा विचार कुठल्याही गॅरेजातल्या मिस्त्रीला लगेच पटेल.

लंडनच्या रॉन अराडने १९८१ मध्ये भंगारातून रोव्हर गाडीच्या सीटा उचलल्या आणि पाइपांच्या चौकटीवर बसवून ‘रोव्हर चेअर’ केली. त्याच वर्षी त्याने मोटारीच्या लांब-आखूड होणाऱ्या एरियलपासून दिवाही केला. झुरिकच्या मार्कुस आणि डानिएल फ्रायटाग या भावांनी १९९३ पासून ट्रकच्या ताडपत्र्या, सीटबेल्ट आणि सायकलच्या ट्यूबा यांच्यापासून पिशव्या शिवायला घेतल्या आणि ट्रकच्या अंगावरचे ओरखडे, अर्धवट अक्षरं हीच त्यांची ओळख झाली. या घराण्याने एक मोठी गोष्ट केली: जुन्या भागावरच्या वापराच्या खुणांना किंमत मिळवून दिली. एक तोटाही केला. काही वर्षांतच गोदामासारखे दिसणारे कॅफे सगळ्या शहरांत उगवले आणि गिअरचं चाक भिंतीवर खिळ्याने ठोकणं म्हणजे डिझाइन, असा समज पसरला.

मुंबईला मात्र जुन्या लोखंडाची सवय त्याहून कितीतरी जुनी आहे. दारूखान्यात जहाजं तुटतात. त्यांच्या गोल खिडक्यांच्या पितळी चौकटी, जाळीचे दिवे, केबिनमधली टेबलं जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात येतात. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मोटारींचे भाग सुटे होतात, चोरबाजारात मटन स्ट्रीटला ते झिजलेल्या दिव्यांच्या रूपात भेटतात. ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू नौका दारूखान्यातच मोडली गेली. तिच्या धातूचा काही अंश २०१६ मध्ये बजाजच्या ‘व्ही’ मोटारसायकलच्या टाकीत गेला, काही भागांतून शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी नौदल गोदीच्या लायन गेटसमोर स्मारक उभं केलं. दोन्ही पुनर्जन्मच, पण जातकुळी वेगळी. टाकीतला विक्रांत सांगितल्याशिवाय कळत नाही. स्मारकातला दिसतो.

पुण्यात उल्का सादळकर आणि राजीव खेर यांनी बाद झालेल्या बसमध्ये स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं थाटली. ‘ती टॉयलेट’ म्हणून ती ओळखली जातात. आसनांच्या जागी न्हाणीघर आलं, पण दारं, पायऱ्या, खिडक्या आणि छप्पर जिथल्या तिथे कामाला राहिलं. पुण्याचेच मेकॅनिकल इंजिनिअर प्रमोद सुसरे यांनी टायर, पिंपं आणि गाड्यांचे भाग यांपासून कॅफे-हॉटेलांसाठी फर्निचर बनवण्याचा व्यवसाय उभा केला. मुंबईत अनु टंडन व्हिएरा यांच्या ‘द रिटायरमेंट प्लॅन’ने टायरला विणकामाची जोड देऊन मोडे आणि बैठका केल्या. तिकडे जयपूरला हिमांशू जांगिड यांचं ‘कार्टिस्ट’ जुन्या मोटारींना फर्निचर आणि कलाकृतींचं रूप देतं. नावं आणखी घेता येतील. पण ज्यांची नावं कुठेच छापली जात नाहीत, असे गाळ्यागाळ्यांतले वेल्डर संख्येने कितीतरी जास्त आहेत, आणि कारागिरी बहुतांशी त्यांच्याकडे आहे.

आज या क्षेत्रात ढोबळ मानाने तीन वृत्तींची माणसं दिसतात. पहिली देखाव्याची: ट्रकचं अख्खं तोंड कापून हॉटेलच्या काउंटरला लावायचं, हेडलाइट पेटवायचे. गिऱ्हाईक फोटो काढतं, धंदा होतो. यात गैर काही नाही, पण शिकण्यासारखं थोडंच आहे. दुसरी वृत्ती संग्राहकाची. टाटांनी १९५४ मध्ये डेमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला घेतले, त्या काळातली तीन टोकांचा तारा मिरवणारी जाळी किंवा बोनेटवाल्या जुन्या ट्रकचा मडगार्ड हातात आला तर त्यावर कटर चालवायचा नाही, जसाच्या तसा जपायचा. तिसरी वृत्ती मिस्त्रीची. ती प्रत्येक भागाला विचारते, तू काय उचलत होतास, कुठे फिरत होतास, किती लवत होतास? मग त्या उत्तराभोवती वस्तू रचते. हे पुस्तक उघडपणे तिसऱ्या वृत्तीच्या बाजूचं आहे आणि ते योग्यच आहे.

ती वृत्ती म्हणजे काय, हे कमानपाट्याच्या बाकावरून कळतं. ट्रकचा पाटा म्हणजे एकावर एक बसवलेल्या, खाली आखूड होत जाणाऱ्या पट्ट्या. मधोमध सेंटर बोल्ट, वरच्या मेन पट्टीच्या दोन्ही टोकांना वळवलेले डोळे, त्यांत बुश आणि पिन. नवखा माणूस अख्खा पाटा उचलतो, वर फळी टाकतो आणि स्प्रिंगचा बाक झाला म्हणतो. बसून पाहिलं की तो दगडासारखा लागतो. दहा पट्ट्यांच्या पाट्यावर ७० किलोचा माणूस बसला तर तो दोनेक मिलिमीटरच लवतो. टनावारी ओझं सोसायला घडलेल्या वस्तूला माणसाचं वजन जाणवतच नाही. म्हणून पट्ट्या काढत जायचं. साधारण १३०० मिलिमीटर लांब, ७५ रुंद आणि १२ जाड अशी एकटी मेन पट्टी दोन टोकांवर टेकवली, तर तोच माणूस मधोमध बसल्यावर ती जवळजवळ दीड सेंटिमीटर लवते. आता बाक श्वास घेतो. पट्टीला वेल्डिंगचा टाका मात्र मारायचा नाही. स्प्रिंगचं पोलाद टाक्याच्या कडेला ठिसूळ होतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी नेमकं तिथेच तडकतं. ट्रकमध्येही पट्टी यू-बोल्टने आवळलेली असते, घरातही तशीच आवळावी. सेंटर बोल्टचं भोक आणि डोळे आयतेच आहेत, त्यांतूनच जोडणी करावी. एक टोक पिनवर पक्कं आणि दुसरं शॅकलवर सरकतं ठेवावं, कारण कमान लवताना पट्टीची टोकं एकमेकांपासून लांब जातात. ट्रकच्या खाली वाकून पाहिलं तर हे सगळं दिसतं, कुणा डिझाइनच्या पुस्तकाची गरज नाही.

दिव्यांचं तसंच. ट्रकचा जुना काचेचा हेडलाइट भिंतीकडे तोंड करून डिपरवर पेटवला, तर भिंतीवर प्रकाशाची सरळ कापलेली कड दिसते. उजवीकडे ती खाली राहते आणि डावीकडे तिरकी वर चढते. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जाऊ नये आणि डाव्या कडेचा पादचारी, मैलाचा दगड दिसावा, यासाठी आतला परावर्तक आणि काचेवरच्या उभ्या रेघा तशा आखलेल्या असतात. हा दिवा सोफ्यासमोर लावून त्याचं तोंड माणसांकडे केलं तर डोळे दिपतात. भिंतीकडे किंवा छताकडे वळवला तर तीच कड खोलीला एक रेखीव प्रकाश देते. इंडिकेटरची पिवळी काच पायऱ्यांजवळ शोभते. मागच्या लाल दिव्यांबद्दल सावध असावं. लाल प्रकाशाला आपले डोळे धोका म्हणूनच ओळखतात, जेवणाच्या टेबलावर तो नकोसा होतो.

विजेच्या बाबतीत पुस्तक कुठेही सैल होत नाही. ट्रकमध्ये गाडीप्रमाणे १२ किंवा २४ व्होल्टचा पुरवठा असतो आणि परतीची तार म्हणून सगळी चासीच वापरलेली असते. ही सवय हातात मुरलेला इलेक्ट्रिशियन घरच्या २३० व्होल्टवर तेच करायला गेला, तर टेबलाचा पत्राच जिवंत होईल. तेव्हा दिवा कमी व्होल्टवरच ठेवावा, दोन स्वतंत्र तारा घ्याव्यात, बीआयएस नोंदणीचा ॲडॅप्टर शक्यतो फर्निचरच्या बाहेर ठेवावा आणि मेन लाइन लोखंडात शिरणार असेल तर अर्थिंग चुकवू नये. कमी व्होल्ट म्हणजे निर्धोक, हाही भ्रम आहे. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब पाच अँपिअर ओढतो. सजावटीची बारीक वायर तेवढ्याने तापते, फ्यूज नसेल तर पेटते. आत एलईडी बसवला तर उष्णता आणि करंट दोन्ही उतरतात. घरासाठी पिवळसर प्रकाशाचा घ्यावा.

आजच हे पुस्तक का? सगळ्यात मोठं कारण सरकारी धोरणात आहे. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं राष्ट्रीय धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालं, त्याच वर्षी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आले. १५ वर्षं ओलांडलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढत नाही. आयुष्य संपलेल्या गाड्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. अंगणात वर्षानुवर्षं गंजत उभा राहणारा ट्रक आता थेट केंद्रावर जाईल आणि तिथे यंत्रांनी काही तासांत मोकळा होईल. हे चांगलंच आहे. पण रस्त्याकडेचा भंगारवाला, त्याच्याकडून पाटा किंवा फाळका वेचणारा कारागीर, यांची साखळी त्यात तुटू शकते. कुठला भाग कशासाठी वाचवण्यासारखा आहे, हे आज लिहून ठेवलं नाही तर उद्या केंद्रावरच्या माणसाला तो फक्त किलोवर दिसेल.

कायद्याची एक बाजू प्रत्येक कारागिराने समजून घ्यायला हवी. केंद्रावर चासी नंबरचा तुकडा वेगळा कापून स्क्रॅपिंगचा दाखला दिल्यापासून सहा महिने जपून ठेवावा लागतो. त्यामुळे चासी नंबर असलेला तुकडा शोभेसाठी मागू नये, कुणी आणून दिला तर घेऊ नये. बाकी मालाचंही बिल हवं. चोरीच्या गाडीचे भाग सर्वांत आधी भंगारातच येतात, आणि सुंदर टेबल त्याला अपवाद नसतं.

पर्यावरणाच्या नावाने या क्षेत्रात जे बोललं जातं त्यातलं सगळं मात्र मान्य करता येत नाही. पोलाद ही जगातल्या सर्वांत जास्त पुन्हा वापरल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी एक. ट्रकचं लोखंड टेबल झालं नसतं तरी ते भट्टीत जाऊन सळ्या झालंच असतं, खड्ड्यात पडलं नसतं. टेबल केल्याने वितळवण्याची ऊर्जा वाचते हे खरं, पण पृथ्वी वाचवल्याचा आव आणण्याइतकी ती बचत नाही. जिथे खरा फरक पडतो ते भाग वेगळे: हौद्याच्या फळ्या, सीटचा फोम आणि रेक्झिन, टायर, दिव्यांच्या काचा. त्यांना भट्टीत किंमत नाही. आणि आणखी एक गोष्ट पुस्तकाने स्पष्टच म्हटली आहे, जो भाग दुसऱ्या ट्रकवर अजून चालू शकतो त्यावर पहिला हक्क ट्रकचा. चालता गिअरबॉक्स कापून त्याचा टीपॉय करणं म्हणजे नासाडीच.

फाळक्याबद्दल थोडं अधिक. रंगवलेला फाळका हा या सगळ्या भागांत लोकांना सर्वांत हवासा वाटतो, आणि तो दुर्मीळही होत चालला आहे. फॅक्टरीत तयार झालेल्या केबिन आणि बॉड्या वाढल्या, हाताने रंगवणारे पेंटर कमी झाले. २०१५ मध्ये महाराष्ट्राने गाड्यांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर बंदी आणली. त्यामागचं कारण, विनाकारण वाजणारे हॉर्न, रास्त होतं. पण कमळं, मोर, गावाचं नाव, आईच्या आशीर्वादाची ओळ असलेला जुना फाळका हा एखाद्या अनामिक पेंटरचा शिल्लक राहिलेला कॅनव्हास आहे. त्याला पॉलिश पेपर लावू नये, अक्षरांवरून बिजागरी ठोकू नये, पेंटरची सही कोपऱ्यात असेल तर ती झाकली जाणार नाही अशा बाजूने पाय जोडावेत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासणं तसंही धोक्याचंच. वर पारदर्शक लेप दिला की फाळका पुसताही येतो आणि त्याचं टेबलही होतं.

धोक्यांची यादी पुस्तकात मागे परिशिष्टात ढकललेली नाही, ती अगदी सुरुवातीला येते. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, तिला गॅस कटर लावल्याने माणसं गेली आहेत. ब्रेकच्या स्प्रिंग चेंबरमध्ये दाबलेली स्प्रिंग असते, तो उघडायचाच नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यावर ग्राइंडर नको. ब्रेक ड्रम बिडाचा असतो, साध्या रॉडने टाका मारला की तडा जातो. आधी गरम करून निकेलचा रॉड वापरावा, नाहीतर त्याच्या बोल्टच्या भोकांतूनच जोडणी करावी. हे सगळं गॅरेजातल्या जाणत्यांना माहीत आहे. इंटरनेटवर चित्र पाहून ग्राइंडर विकत घेणाऱ्या उत्साही तरुणाला ते माहीत नसतं, आणि हे पुस्तक सर्वांत आधी त्याच्या हातात पडणार आहे.

खाऱ्या हवेचा विषय पानोपानी येतो. कळंबला ग्राइंडरने स्वच्छ केलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी त्यावर तांबूस थर चढलेला असतो. म्हणून आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, पूर्ण सुकवायचं आणि त्याच दिवशी झिंकवाला इपॉक्सी प्रायमर मारायचा. ॲल्युमिनियमचं गिअरबॉक्स हाउसिंग आणि पोलादी पाय यांच्यामध्ये रबराचा किंवा नायलॉनचा तुकडा घालायचा, नाहीतर खाऱ्या ओलीत पोलादाला भिडलेलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पोकळ पाइपला खाली निचऱ्याचं भोक ठेवायचं. पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात, बोल्ट एकदा आवळून रंगाचे टवके भरून घ्यायचे. घराच्या कौलांची डागडुजी करतात तसंच हे दरवर्षीचं काम.

तेव्हा हे पुस्तक काय करू पाहतं? ते नमुन्यांचा अल्बम नाही. ट्रक समोरून मागे आणि वरून खाली वाचायला ते शिकवतं: जाळी आणि दिवे, केबिन, चासी, पाटे आणि ॲक्सल, चाकं, हौदा, फाळका. प्रत्येक भागाचं गॅरेजातलं नाव, त्याचं पोलाद किंवा बीड, त्याचं वजन, घरात त्याला कुठलं काम झेपेल आणि कुठलं झेपणार नाही. २० इंची चाकाची रिम सुमारे ४० किलोची असते. तिचा टीपॉय तिसऱ्या मजल्यावर चढवताना काय होतं, हेही इथे लिहिलेलं आहे. बसायची उंची १८ इंच, जेवणाच्या टेबलाची ३० इंच, ही माणसाच्या शरीराची मापं ट्रकच्या मापांशी कशी जुळवायची, याचे हिशेब आहेत. मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत आणि शेजारी सुतातही, कारण गाळ्यातला मिस्त्री अजून सुतात बोलतो.

काही गोष्टी पुस्तकाने मुद्दाम टाळल्या आहेत. किमती दिलेल्या नाहीत, भंगाराचा भाव आठवड्याला बदलतो. मोटारसायकल आणि छोट्या गाड्यांचे भाग घेतलेले नाहीत. इंजिन ब्लॉकची टेबलंही फक्त उल्लेखापुरती आहेत. ती दिसायला भारदस्त असतात, पण आतल्या पोकळ्यांतून तेल वर्षभर झिरपत राहतं आणि ते पूर्ण काढणं घरगुती गाळ्यात जमत नाही, असं लेखकाचं स्वच्छ मत आहे.

ज्याला वेल्डिंग येतं पण वायरिंग येत नाही, त्याने दिव्यांच्या भागापासून सुरुवात करावी आणि पहिला दिवा जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा. ज्याला सुतारकाम येतं त्याने हौद्याच्या फळीपासून सुरुवात करावी. तिच्यात मोडलेले खिळे लपलेले असतात, रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून ते शोधावेत. ज्याला यांतलं काहीच येत नाही त्याने आधी एखाद्या गॅरेजात उभ्या ट्रकखाली जावं, मिस्त्रीला एकेका भागाचं नाव विचारावं आणि मग पहिलं पान उघडावं.